खेचरवाला बाहेर राहिला

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सलाम. सोबतचं पुडकं आधी तू उघड, दादाच्या हाती देऊ नकोस. त्यात त्या कादंबरीचा दुसरा भाग आहे. गेल्या वर्षी पहिला पाठवला तेव्हा "बहिणीनं प्रवचन टपालानं पाठवलंय" म्हणून त्यानं नाक मुरडलं होतं, आणि नंतर तूच कळवलंस की स्वारीनं तीनदा वाचला. माझ्या रविवारच्या वर्गातली पोरं अजून त्यातलाच खेळ खेळतात. तिघं जण भावंडं होतात, एक जण माळी होतो, आणि सगळे मिठाचं मैदान ओलांडून राजाच्या नगराकडे निघतात. खेचरवाला व्हायला मात्र दर वेळी मारामारी. सगळे विनोद त्याचेच ना! माळी हाच खरा राजा, हे एकट्या खेचरवाल्याला पटत नाही. पोरांना तेच आवडतं.

दुसरा भाग आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहे. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर उभं राहून सांगितलं की हे पुस्तक घरोघरी जायला हवं. मी दोन प्रती घेतल्या, एक माझी, एक तुमची. माझी अजून उघडली नाही. डेपोत दोघी रजेवर आहेत, चौकशीच्या खिडकीत मी एकटीच. घसा बसेपर्यंत गाड्या सांगते आणि घरी येऊन आडवी होते.

डॉक्टर म्हणतात ना, ऑपरेशननंतर दादाला बरेच दिवस पडून राहावं लागेल? मग तू वाचून दाखव. पहिल्या भागानं त्याला हसवलं. दुसरा त्याला घरी आणेल अशी मला आशा आहे. कुठलं घर ते तू समजून घे. माझा हा डाव आहे असं त्याला कळू देऊ नकोस, नाहीतर पुस्तक खिडकीतून बाहेर जाईल.

डोळ्याचं ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. त्याचा डावा लहानपणापासून नावालाच आहे. उजव्याला काही झालं तर पाट्या रंगवणाऱ्या माणसानं करायचं काय? ऑपरेशन झालं की दोन ओळी टाक. घरातून फोन करू नकोस, तो सगळं ऐकतो.

तुझी,
वन्सं


९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सलाम. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सुटलेला पडदा जागेवर बसवलाय. पण तो तिथेच राहावा म्हणून डोळ्यात वायूचा फुगा सोडलाय. फुगा वर चढतो, म्हणून माणसानं खाली बघायचं. दोन आठवडे. जेवताना, झोपताना, सगळीकडे मान खाली.

तर तुमचे दादा सध्या खाटेवर पालथे असतात. दोन उशांमध्ये फट ठेवलीय, तिच्यातून नाक आणि हनुवटी बाहेर. त्यांच्याशी बोलायचं तर मला जमिनीवर बसून वर बघावं लागतं. काल म्हणाले, "लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा तू माझ्या पायाशी बसलीस." म्हटलं, पायाशी नाही, तोंडाशी बसलेय, आणि तेही नाइलाजानं. हसू नका म्हणाले डॉक्टर, पण हे हसले.

दातांच्या दवाखान्यातून मी रजा काढलीय. दुपारी पुस्तक वाचते. खेचरवाल्याचा आवाज मी जरा घोगरा काढते. तो आला की ह्यांचे पाय हलायला लागतात. मैदानात पाणी संपतं तेव्हा धाकटीला तो पाठीवर घेतो आणि म्हणतो, "राजा भेटला तर त्याला माझं भाडं विचार." त्या पानावर हे मोठ्यानं "वा!" म्हणाले.

आता खरं कारण लिहिते. मला शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे. ऑपरेशन चालू होतं तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मी शेवट वाचला. वन्सं, तुम्ही वाचलाय का? नगराच्या दारात माळी उभा असतो. तो प्रत्येकाला विचारतो, "मी कोण आहे?" भावंडं "तू राजा आहेस" म्हणतात आणि आत जातात. खेचरवाला म्हणतो, "मला माहीत नाही." दार लागतं. तो बाहेर, मिठात. पुढची बारा पानं आतल्या गाण्यांची आहेत.

हे मी ह्यांना वाचून दाखवू? दिवसभर अंधारात पडलेला माणूस, आणि ज्याच्यावर त्याचा जीव तोच बाहेर राहतो? रोज आम्ही थोडं थोडं पुढे सरकतोय आणि ते पान जवळ येतंय. काय करू ते लवकर कळवा.

तुमची,
वहिनी


१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सलाम. ऑपरेशन पार पडलं, देवाचे उपकार. पालथ्या दादाचं वर्णन वाचून डेपोत एकटीच हसले. रांगेतल्या माणसाला वाटलं त्यालाच हसले.

शेवटाचं म्हणशील, तर मी अजून तिथवर पोचले नाही. पण तू लिहिलंस त्यावरून मला त्यात वावगं काही दिसत नाही. शास्त्रातही बंद झालेलं दार आहेच. पाळकसाहेब म्हणाले होते की शेवट कडू आहे, पण औषध आहे. दार कधी लागतच नसेल तर लोक आत कशाला येतील? मी रोज बघते. शेवटची गाडी हलली की माणूस धापा टाकत येतो आणि मलाच शिव्या देतो. गाडी वेळेवर सुटली हा माझा गुन्हा का?

तू वाच. जसं आहे तसं वाच. नाना गेले, बाप मातीआड झाला, त्या दिवसापासून दादा उपासनेला आला नाही. चर्चची पाटी दर वर्षी स्वतः येऊन रंगवून देतो, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. बारा वर्षं मी हे बघतेय. मला माझा भाऊ आत हवाय. ह्यात पाप आहे का?

राग मानू नकोस, पण तू लग्नामुळे आमच्यात आलीस. दार बंद होण्याची भीती काय असते, ते तुला लहानपणापासून कोणी शिकवलेलं नाही. म्हणून तुला ते पुस्तक निर्दय वाटतं.

डोळ्याची काळजी घे. थेंब वेळेवर घालतेस ना?

तुझी,
वन्सं


१५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

थेंब वेळेवर घालते. बाहेरून आलेल्या माणसालाही घड्याळ कळतं.

तुमचं पत्र येण्याआधीच मी जे करायचं ते करून बसले होते. शेवटाचं पान आलं आणि माझी जीभ वळली. मी माझ्या मनानं वाचलं. माळी विचारतो, "मी कोण आहे?" माझा खेचरवाला गुडघ्यावर बसतो, डोळे पुसतो, "तू राजा आहेस" म्हणतो. दार उघडतं. मी खेचरालाही आत घेतलं. एकदा हात सैल सुटला की सुटला.

ह्यांचे पाय हलायचे थांबले. मग म्हणाले, "हे पान परत वाच."

आता मनानं रचलेलं परत तसंच कुठून येणार? मी आपली वाचत गेले. संपलं तसे हे म्हणाले, "खेचर कुठे गेलं?"

मी म्हटलं, "कुठलं खेचर?"

"मघाशी ते आत गेलं होतं."

मी पान उलटून बघितल्यासारखं केलं. म्हटलं, ओळ सुटली असेल. हे म्हणाले, "खोटं बोलताना तू भरभर वाचतेस. पुस्तकात काय आहे?" मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

संध्याकाळी त्यांनीच हाक मारली. मला वाटलं रागावतील. तर म्हणाले, "तो बाहेर राहतो. होय ना?" मी उशी सारखी केली. मग त्यांनी नानांच्या दफनाची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाचे जुने पाळक कबरीशी म्हणाले होते, "या भावाविषयी आपल्याला आशा धरता येत नाही, आपण फक्त गप्प राहू शकतो." आणि तुम्ही सगळे गप्प राहिलात. ह्यांच्या हातात माती होती, ती त्यांनी खिशात घातली आणि घरी आले.

मी दफनाला नव्हते, मला एवढंच माहीत होतं की काहीतरी बोलाचाली झाली. वन्सं, तुम्हाला हे माहीत होतं, आणि तरी तुम्ही हेच पुस्तक पाठवलंत?

आज तपासणी होती. डोळ्यातलं प्रेशर वाढलंय. नवे थेंब, गोळ्या, आणि आणखी एक आठवडा मान खाली. प्रेशर उतरलं नाही तर नस जाईल म्हणाले. मी डॉक्टरांना विचारलं, मनाला त्रास झाल्यानं प्रेशर वाढतं का? ते म्हणाले, तसं काही नाही. पण मला ते खरं वाटत नाही. हे दोन दिवस जेमतेम बोलतात. पुस्तक मी कपाटात टाकलंय.

वहिनी


१८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र खिडकीतच उघडलं. वाचलं आणि काचेवर "जेवणाची सुट्टी" लावली, अकरालाच. पिशवीतून पुस्तक काढलं आणि शेवटची चाळीस पानं एका बैठकीत वाचली. लोक काच ठोकत होते. ठोकू दिलं.

तू मला विचारलंस, माहीत असून पाठवलं का. मला शेवट माहीत नव्हता, हे खरं. पण वहिनी, तू तो सांगितलास तरी मी "वाच" म्हणून लिहिलं, हेही खरं. का, ते मला त्या चाळीस पानांत कळलं. खेचरवाला "मला माहीत नाही" म्हणाला तिथं मला नाना दिसले. कामाचे कपडे, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर, तसेच. जुन्या पाळकांना शेवटी तेही हेच म्हणाले होते. मी पुढची बारा पानं भराभरा उलटली. गाणी नाही वाचली. कुठंतरी, एखाद्या ओळीत, कोणी दार किलकिलं करतंय का ते शोधत होते. नाही करत कोणी.

नाना गेल्यापासून मी हेच करतेय, वहिनी. प्रत्येक प्रवचनात, प्रत्येक पुस्तकात त्यांच्यासाठी एक फट शोधते. सापडत नाही. मग वाटतं, ते राहिले तर राहिले, निदान दादा तरी आत यावा.

संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेले. ते बूट काढत होते. मी दारातूनच विचारलं, "तुम्ही शेवट वाचलात?" बिचारे गोरेमोरे झाले. अर्धंच वाचलंय म्हणाले, बाकीचं दुसऱ्या चर्चच्या पाळकांकडून ऐकलं. मी विचारलं, "'मला माहीत नाही' म्हणून मेलेल्या माणसाचं काय होतं?" ते म्हणाले, "नियम सांगू, की मला काय वाटतं ते?" नियम मला पाठ आहे, म्हटलं. त्यावर त्यांनी काढलेला बूट परत पायात घातला. मग म्हणाले, "मला वाटतं ते बोलायला मला भीती वाटते, बाई." तरुण माणूस आहे. त्याचा मला राग आला नाही.

"तू बाहेरून आलीस" असं मी लिहिलं. ती ओळ फाडून टाक. तुला लागावं म्हणूनच लिहिली होती.

दादाला फसवू नकोस. पण तू वाचूही नकोस. मी रजा मागितलीय, या गुरुवारी सकाळच्या गाडीनं येते. पुस्तक मी पाठवलं, शेवट मीच वाचेन. त्यानं हाकललं तर संध्याकाळच्या गाडीनं परत.

प्रेशर किती आहे ते मला समजत नाही, पण तरी आकडा कळव.

तुझी,
वन्सं


२६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सलाम. नीट पोचलात ना?

आधी डोळ्याचं. परवा तपासलं. प्रेशर उतरलं. मी डॉक्टरांसमोरच रडले. त्यांनी कागदी रुमालाचा अख्खा डबा माझ्यापुढे सरकवला. पडदा चिकटलाय, आता मान वर करायला परवानगी आहे. पट्टी काढली तेव्हा हे म्हणाले, डोळ्यात पाणी भरलंय आणि त्याची पातळी दिसतेय, मिस्त्रीच्या लेव्हलमध्ये दिसते तशी. तो फुगाच, हळूहळू विरेल म्हणे. तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळी वाचता आल्या. तिसऱ्या ओळीची अक्षरं मात्र वाकडी दिसतात, पाण्यात पडल्यासारखी. किती सरळ होतील ते तीन महिन्यांनी कळेल. होतीलच असं नाही. घरी आल्यावर ह्यांनी वर्तमानपत्राची मोठी अक्षरं बघितली आणि म्हणाले, "कुणा शिकाऊनं रंगवलीत ही?" थट्टाच केली, पण नंतर बराच वेळ हात चोळत बसले होते.

आता मला एक सांगा. गुरुवारी तुम्ही मला थेंब आणायला पाठवलंत. औषधाच्या दुकानात ही गर्दी, तासभर गेला. परत आले तर तुम्ही जमिनीवर माझ्या जागी बसलेल्या, डोळे लाल, आणि हे उशीत तोंड खुपसून. पुस्तक मिटलेलं. भांडलात म्हणावं तर तुमचा हात ह्यांच्या हातात. मग तुम्ही चहासुद्धा न घेता गाडी गाठायला पळालात.

ह्यांना विचारलं तर म्हणतात, "तिला विचार, ती सांगेल." त्या दिवसापासून हे गप्प आहेत, पण हे गप्प बसणं वेगळं आहे. रागाचं नाही. काल जेवायच्या आधी मी डोळे मिटून प्रार्थना करत होते. डोळे उघडले तर हे जेवायला न लागता थांबले होते. एरवी मी आमेन म्हणायच्या आत ह्यांचा दुसरा घास असतो.

मी ह्या घरात राहते, वन्सं. मला कळायला नको?

तुमची,
वहिनी


१ मार्च

प्रिय वहिनी,

कळायला हवं. गाडीत बसल्यापासून तुला लिहायचं मनात होतं, पण हात होत नव्हता.

तू गेलीस आणि मी म्हटलं, "दादा, शेवट वाचते." तो म्हणाला, "वाच." आवाज न बदलता मी सगळा वाचला. दार लागलं तिथं थांबले. त्यानं विचारलं, "आणि धाकटी?"

मी म्हटलं, "धाकटीचं काय?"

"तिला ह्यानं अख्खं मैदान पाठीवरून आणलं. दार लागल्यावर ती काय करते?"

मी पानं चाळली. "गाते."

"मागं वळून बघत नाही?"

"तसं लिहिलेलं नाही."

त्यावर तो म्हणाला, "मग हा तो माळी नव्हे. पहिल्या भागातला माळी एक रोप वाळलं म्हणून सगळ्यांना थांबवून मागं गेला होता. त्याच्यापाशी राहून पोरगी असं गायला शिकली? पाटी तीच ठेवलीय, दुकान बदललंय."

म्हणजे बारा वर्षं चर्चबाहेर राहिलेला हा माणूस माळ्याची बाजू घेऊन लेखकाशी भांडत होता, आणि मी वेडी त्याला घरी आणायला निघाले होते! मी म्हटलं, मग वहिनीचा शेवट बरा होता ना? तर म्हणाला, "नाही. तिनं त्याला बरोबर उत्तर द्यायला लावलं. त्याला माहीत नव्हतं तर नव्हतं. खोटं बोलून आत जाण्यातला तो नाही." खेचर मात्र त्याला आवडलं होतं. ते तू ठेवायला हवं होतंस, म्हणाला.

मग त्यानं तोंड उशीत वळवलं. मला वाटलं झोप लागली. तर उशांच्या फटीतून आवाज आला, "नाना कुठे आहेत?"

वहिनी, मी वर्गातल्या पोरांना ह्या प्रश्नाचं उत्तर देते. घडाघडा देते. माझ्या तोंडात ते तयार होतं. मी वर त्याच्याकडे बघितलं. नाक लाल झालेलं, हनुवटीवर पंधरा दिवसांची दाढी, आणि हुबेहूब नाना. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

त्यानं हात खाली सोडला. चाचपडत माझा हात धरला. म्हणाला, "त्या दिवशी कबरीशी एवढं जरी कोणी म्हणालं असतं." मग मीही रडले आणि तोही. डोळ्याला चालतं की नाही, ते विचारायची शुद्ध नव्हती. म्हणून मी पळाले. तू येऊन डोळ्याचं विचारलं असतंस तर मी काय सांगणार होते? प्रेशर उतरलं हे तुझ्या पत्रात वाचेपर्यंत मी नीट जेवलेली नाही.

आणखी एक राहिलं. आपल्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. लग्नाआधी तुला हे मीच शिकवलं होतं. गुरुवारी मी केली. उद्या उपासनेनंतर पाळकसाहेबांना ते सांगणार आहे. हेही सांगणार आहे की वर्गात मी पोरांना हा दुसरा भाग वाचून दाखवणार नाही. वर्ग माझ्याकडे राहील की नाही, कोण जाणे.

मी काय मागितलं, तेही तुला सांगते. मी म्हटलं, "प्रभू, नाना बाहेर राहिले असतील, तर तूही बाहेर ये."

दादा "आमेन" म्हणाला. तोंड उशीत होतं, पण मला स्पष्ट ऐकू आलं.

तुझी,
वन्सं